चाळीसगांवचा बंगला आणि संग्रहाची विद्या

मुंबईहून भुसावळकडे आगगाडीनें जाणारा प्रवासी चाळीसगांवच्या स्टेशनावर पाय ठेवतो तो बहुधा चहापुरता, अथवा धुळ्याची गाडी धरावयाची असली तर फलाट बदलण्यापुरता. या स्टेशनाजवळच एक जुना बंगला आहे, आणि तो पाहाण्यासाठीं मुद्दाम उतरावें अशी त्याची योग्यता आहे, हें थोड्यांसच ठाऊक असतें. बंगल्याचें मूळचें नांव ‘आशीर्वाद’. पुढें मालकानें त्यास ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’, म्हणजे रेम्ब्रांटचा एकांतवास, असें नांव दिलें. हॉलंडमधील सतराव्या शतकांतला तो थोर चित्रकार कोणीकडे आणि खानदेशांतील हें बाजाराचें गांव कोणीकडे! या दोहोंची सांगड कोणीं घातली, अशी जिज्ञासा नांव ऐकतांच उत्पन्न होते.

ती घालणारे गृहस्थ म्हणजे कैखुश्रू माणेकजी मूस. लोकांच्या तोंडीं केकी मूस हेंच नांव रूढ आहे. त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजीं मुंबईस एका पारशी कुटुंबांत झाला. पुढें हें कुटुंब चाळीसगांवीं येऊन राहिलें. केकींचें शिक्षण मुंबईस विल्सन कॉलेजांत झालें व त्यानंतर व्यापारी चित्रकलेचा अभ्यास करण्यासाठीं ते इंग्लंडांत गेले. त्या अभ्यासक्रमांत छायाचित्रण हा एक विषय होता. दुय्यम म्हणून शिकलेली ही विद्याच पुढें त्यांची मुख्य विद्या ठरली. १९३८ च्या सुमारास ते चाळीसगांवीं परतले, आणि तेव्हांपासून सुमारें पन्नास वर्षें त्यांनीं त्या बंगल्याबाहेर क्वचितच पाऊल टाकलें. ३१ डिसेंबर १९८९ रोजीं तेथेंच त्यांचा अंत झाला.

एवढ्या दीर्घ एकांतवासास कांहीं तरी कारण असलेंच पाहिजे असें लोकांस वाटतें, आणि तें कारण म्हणून एक प्रेमकथा खानदेशांत सर्वतोमुखीं झालेली आहे. मुंबईस निरोप घेतांना एका तरुणीनें मूस यांस वचन दिलें होतें, कीं आपण एके दिवशीं पंजाब मेलनें येऊं व तुमच्यासमवेत भोजन करूं. ती आली नाहीं. मूस मात्र रोज गाडीच्या वेळेस दार उघडें ठेवून वाट पाहात, असें सांगतात. पंजाब मेल सुरू झाली तीही १९१२ सालींच; म्हणजे गाडी व तिची वाट पाहाणारा, दोघेही एका वयाचे! कथा हृद्य आहे यांत शंका नाहीं, पण तिनें मूस यांच्या कामावर थोडा अन्यायच केला आहे. बंगल्यांत आलेला मनुष्य त्या न आलेल्या बाईचीच चौकशी करीत राहिला, तर ज्या वस्तूंस मूस यांनीं आयुष्यभर हौसेनें घरांत आणून बसविलें त्यांच्याकडे त्याचें लक्ष जात नाहीं.

या वस्तू तऱ्हेतऱ्हेच्या आहेत. जुनें लांकडी सामान, भांडीं, मूर्ती, मातीचीं पात्रें, खेळणीं, चित्रें, पुस्तकें असा तो सगळा परिवार. श्रीमंताच्या दिवाणखान्यांत वस्तु मांडलेली असते ती तिची किंमत पाहुण्यास कळावी म्हणून. छायाचित्रकाराची दृष्टि वस्तूचें मोल निराळ्या रीतीनें करते. घड्याच्या फुगीर पोटावरून उजेड कसा वळतो, लांकडाच्या नक्षींत सावली किती खोल बसते, वृद्धाच्या सुरकुत्यांत काय वाचतां येतें, हें ती पाहाते. ‘विच ऑफ चाळीसगांव’, म्हणजे चाळीसगांवची चेटकीण, या नांवानें गाजलेलें मूस यांचें छायाचित्र एका वृद्ध स्त्रीचें आहे; नांव भयंकर असलें तरी पाहाणाऱ्याच्या मनांत राहातो तो चेहऱ्यावरील उजेड व अंधार यांचा खेळ. रेम्ब्रांटच्या चित्रांतही पुष्कळसा भाग अंधाराचा असतो आणि एका बाजूनें आलेला उजेड चेहऱ्याचा हवा तेवढाच भाग उजळतो. बंगल्यास त्याचें नांव देणें म्हणजे आपण कोणाच्या शाळेंतले हें दारावरच लिहून ठेवणें होय.

मूस यांच्या कामांतील विशेष नांवाजलेला प्रकार म्हणजे ज्यास ‘टेबलटॉप’ म्हणतात तें छायाचित्रण. नांवावरून वाटतें तितकें तें सोपें नाहीं, म्हणून तें थोडें उलगडून सांगणें जरूर आहे. मेजावर एक लहानशी सृष्टि उभी करावयाची आणि ती मेजावरची आहे हें पाहाणाऱ्याच्या लक्षांत येऊं द्यावयाचें नाहीं, हा त्यांतला डाव. मिठाच्या ढिगाचा बर्फाळ डोंगर होतो, वाळलेल्या काटकीचा वृक्ष होतो, आरशाच्या तुकड्याचें सरोवर होतें. परंतु वस्तू नुसत्या मांडून भागत नाहीं. कॅमेरा फार जवळ नेला कीं पुढची काटकी स्पष्ट येते आणि मागचा डोंगर विरघळून जातो. तें टाळण्यासाठीं भिंगाचें छिद्र अगदीं बारीक ठेवून उजेड पुष्कळ वेळ आंत घ्यावा लागतो, आणि तेवढा वेळ मेजास धक्का लागून चालत नाहीं. बरें, डोंगर स्पष्ट आला म्हणजे दुसरी अडचण उभी राहाते. खरा डोंगर मधल्या हवेमुळें फिकट दिसतो. मेजावरचा दोन हातांवर असल्यामुळें काटकीइतकाच ठसठशीत उठतो व सोंग उघडें पडतें. म्हणून मागचा भाग कांहीं युक्तीनें मंद करावा लागतो. शिवाय उजेड एकाच बाजूनें, कलत्या सूर्यासारखा तिरपा सोडावयाचा. कारण आकाशांत सूर्य एकच आहे, आणि दोन दिव्यांच्या दोन सावल्या पडल्या तर मूलसुद्धां फसत नाहीं. इतकें सारें संभाळून घराबाहेर न पडणाऱ्या मनुष्यानें घरांतल्या घरांत दूरदूरचे देखावे निर्माण केले. मिठाच्या चिमटींत ज्यास हिम दिसतें, त्याच्या घरांत टाकाऊ असें कांहीं राहात नाहीं. संग्राहकाचें खरें लक्षण हेंच.

आतां या एकांतवासाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. मूस घरीं बसले, पण त्यांचीं चित्रें घरीं बसलीं नाहींत. त्या काळीं जगांतील मोठमोठ्या शहरांत छायाचित्रांचीं प्रदर्शनें भरत. त्यांस ‘सलोन’ म्हणत. हौशी छायाचित्रकारानें आपल्या हातानें छापलेली प्रत पुठ्ठ्यावर चढवून टपालानें पाठवावयाची, परीक्षकांनीं ती निवडावयाची, आणि प्रदर्शन संपलें कीं पाठीवर त्या गांवाची चिठ्ठी चिकटवून ती परत यावयाची. एकच चित्र अशीं अनेक गांवें हिंडे, आणि त्याच्या पाठीवरील चिठ्ठ्या हाच त्याचा प्रवासवृत्तान्त होई. मूस यांस देशोदेशींच्या प्रदर्शनांत पुष्कळ पारितोषिकें मिळालीं तीं याच मार्गानें. त्यांच्या पश्चात् बंगल्याचें कलादालन झालें व जिज्ञासूंस तें पाहावयास मिळूं लागलें. मालकाच्या हयातींत दाराआड असलेलें घर अशा रीतीनें त्याच्या मागें सर्वांचें झालें. प्रत्येक संग्रहाचें नशीब मात्र इतकें बलवत्तर नसतें.

चाळीसगांवहून धुळ्यास जाणारा आगगाडीचा फांटा सुमारें ५६ किलोमीटरांचा आहे. त्याच्या दुसऱ्या टोकाशीं अगदीं उलट स्वभावाच्या एका संग्राहकाचें स्मारक आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांस घरांत बसणें माहीत नव्हतें. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, देवळांत, मठांत, जेथें म्हणून जुना कागद असण्याचा संभव तेथें ते पायपीट करीत गेले. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला व पुढें एकंदर २२ खंड झाले. अखेरच्या दिवसांत ते धुळ्यास होते, आणि तेथेंच ३१ डिसेंबर १९२६ रोजीं निवर्तले. मूस यांचाही मृत्युदिन ३१ डिसेंबरच. खानदेशच्या दोन टोकांस असलेल्या या दोन संग्राहकांस वर्षाचा एकच दिवस वांटून मिळाला आहे. राजवाडे यांच्या मागें त्यांचीं दप्तरें विखुरलीं जाऊं नयेत म्हणून १९२७ सालीं धुळ्यांत त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ निघालें. कागदपत्रांबरोबर मूर्ती, नाणीं, जुनीं चित्रें यांचाही संग्रह तेथें आहे.

राजवाडे यांची एक शिस्त हौशी संग्राहकांनीं उचलण्यासारखी आहे. त्यांनीं कागद मिळविले व छापून टाकले. पेटींत कुलूप घालून ‘हें माझ्याजवळच आहे’ अशी बढाई मारीत बसण्याचा त्यांचा पिंड नव्हता. कागद कोठें सांपडला, कोणाच्या घरांतला, हें कळलें म्हणजे त्याची किंमत दसपट वाढते, आणि न कळलें म्हणजे तो नुसता जुना कागद राहातो. मूर्तीची, भांड्याची, छायाचित्राची गोष्टही तीच.

धुळ्यांतच समर्थ वाग्देवता मंदिर आहे. समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनीं समर्थ रामदास व त्यांचा संप्रदाय यांच्या हस्तलिखितांच्या शोधांत आयुष्य वेंचलें, त्याचें हें फळ. समर्थांच्या हातची मानली जाणारी वाल्मीकि रामायणाची प्रत येथें जपलेली आहे. पोथी ही वाचण्याची वस्तु खरी, पण ती पाहाण्याचीही वस्तु आहे हें अशा ठिकाणीं समजतें. बोरूच्या कापाप्रमाणें जाड-बारीक होणारें अक्षर, दोन्ही बाजूंस सोडलेली कोरी जागा, चुकलेल्या अक्षरावर फांसलेली पिवळी हरताळ, या प्रत्येक गोष्टींत लेखकाचा हात दिसतो. ‘हरताळ फांसणें’ हा वाक्प्रचार रोज वापरणाऱ्या शहरी मुलानें ती खरी हरताळ एकदां डोळ्यांनीं पाहिली, तर भाषेचा एक धडा त्यास पुस्तकावांचून मिळेल.

संग्रहाच्या प्रती बाहेर जाण्यानें काय साधतें याचा मोठा दाखला खानदेशच्या उंबरठ्यावरच आहे. अजिंठ्याचीं लेणीं खानदेशांत मोडत नाहींत, पण जळगांवचा मनुष्य तीं आपल्याच अंगणांतलीं समजतो, आणि आगगाडीनें येणारा पाहुणा त्यासाठीं जळगांवासच उतरतो. १८१९ सालीं एका इंग्रज शिकाऱ्याच्या दृष्टीस हीं लेणीं पडल्यावर त्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करून घेण्याचें मनांत आलें. मद्रासच्या सैन्यांतील रॉबर्ट गिल नांवाच्या अधिकाऱ्यानें १८४४ पासून पुढें कित्येक वर्षें अजिंठ्यास राहून मोठमोठ्या तैलचित्रांत त्या उतरविल्या. तीं चित्रें लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडलीं होतीं. १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागली आणि कांहीं थोडीं वगळतां सर्व भस्म झालीं. एका मनुष्याच्या उमेदीचीं सारीं वर्षें एका रात्रींत राख व्हावीं याहून दुर्दैव तें कोणतें? त्यानंतर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ ते १८८५ या काळांत पेस्तनजी बोमनजी यांसारख्या आपल्या विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन नव्यानें नकला केल्या. त्यांपैकींही बऱ्याच १८८५ सालीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगींत जळाल्या.

या दोन्ही आगींतून वांचलें काय? जें छापून वांटलें गेलें होतें तें. गिलजवळ कॅमेराही होता. त्यानें घेतलेल्या लेण्यांच्या छायाचित्रांचें, फर्ग्युसन यांच्या माहितीसह, १८६४ सालींच एक पुस्तक निघालें होतें. तें अनेक ग्रंथालयांत पोंचलें असल्यामुळें एका इमारतीच्या आगीनें त्याचें कांहीं बिघडलें नाहीं. ग्रिफिथ्स यांनींही आपल्या कामाचे दोन मोठे खंड १८९६ व १८९७ या सालीं प्रसिद्ध केले, म्हणून आज जळालेल्या नकलांविषयीं बोलतां तरी येतें. गिल १८७९ सालीं वारला. त्याचें दफन भुसावळास झालें. भुसावळच्या जंक्शनावर गाडीची वाट पाहात तासन् तास काढणाऱ्यांपैकीं कितीकांस हें ठाऊक असेल?

खानदेशाबाहेर नजर टाकली तर औंधचे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३८ सालीं संस्थानच्या लहानशा गांवीं, यमाईच्या डोंगरावर, आपल्या चित्रांचें व शिल्पांचें संग्रहालय उघडलें तें आठवतें. राजानें राजवाड्यांत ठेवण्याची वस्तु प्रजेच्या वाटेवर आणून ठेवली, हें त्या काळीं थोडेंथोडकें नव्हे. परंतु मध्यम स्थितींतील गृहस्थास अधिक जवळचा वाटेल तो पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर यांचा दाखला. ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता करणारे हे गृहस्थ, धंदा चष्म्यांचा. त्यांचा राजा नांवाचा मुलगा लहानपणींच गेला. त्याच्या नांवानें त्यांनीं जो संग्रह वाढविला त्यांत दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, वज्री, दारें-चौकटी, वाद्यें अशा घरोघरच्या वस्तू आहेत. पत्नी कमलाबाई यांची साथ या कामीं त्यांस होती. सुमारें २०,००० वस्तूंचा हा संग्रह त्यांनीं १९७५ सालीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अडकित्त्यासारखी क्षुद्र वस्तु. पण शंभर अडकित्ते ओळीनें मांडले म्हणजे त्यांत मोर दिसतात, घोडे दिसतात, स्त्री-पुरुषांच्या आकृती दिसतात, आणि नांव न ठेवतां गेलेल्या कासारांच्या कल्पकतेपुढें मान लवते.

धुळें-जळगांवच्या जुन्या घरांत या जातीच्या वस्तू अद्याप आहेत. पण घर पाडून इमारत उभी राहावयाची ठरली, कीं समया, करंडे, दौती मोडीच्या भावानें जातात आणि माळ्यावरचीं छायाचित्रें रद्दींत जातात. तांब्या-पितळेचें वजन होतें. त्यावरील हाताचें होत नाहीं. एके काळीं मराठी गृहिणी ‘मनोरंजन’ मासिकांतील चित्रें जपून ठेवी. या मासिकानें १९०९ सालीं पहिला दिवाळी अंक काढला. रविवर्मा छापखाना १८९४ सालीं निघाल्यावर लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी सामान्य माणसाच्या भिंतीवर आल्या. यांतील फारच थोडें घराघरांत उरलें आहे, आणि जें उरलें आहे तें कोणाचें व कोठून आलें हें सांगणारी पिढी आज वृद्ध झालेली आहे. हातांतल्या फोनवर दिवसाकाठीं शेंकडों चित्रें येतात व जातात. चित्र एकमेकांस दाखविण्याची ही सोय वाईट नव्हे. वाईट एवढेंच, कीं चित्र पुढें जातें आणि तें कोणीं काढलें, कोठें, केव्हां, हें मागें राहातें.

तेव्हां ज्या घरास आपल्या जवळचें कांहीं राखावयाचें असेल त्यानें प्रथम एक वही करावी. वस्तूस बारीक दोऱ्यानें अंक बांधावा आणि वहींत त्या अंकापुढें लिहावें: अडकित्ता, पितळी, आजीच्या माहेरचा, पारोळ्याहून, लग्नांत आला. एवढ्या एका ओळीनें अडकित्ता मोडींतून वांचण्याचा संभव आहे. छायाचित्राच्या पाठीवर शाईनें लिहूं नये, ती पुढें उमटते. मऊ शिसपेन्सिलीनें, न दाबतां, कडेस लिहावें. आल्बमांत छायाचित्रें डिंकानें न चिकटवितां कागदी कोपऱ्यांत अडकवावींत. जुनी पितळी मूर्ति चिंचेनें घांसून लखलखीत करण्याचा मोह आवरावा. शंभर वर्षांनीं आलेला तिचा काळसर रंग हें तिचें वय आहे. भिंतीवरच्या तसबिरी पावसाळ्यांत ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर ठेवूं नयेत, आणि वैशाखांतलें खानदेशचें ऊन खिडकींतून ज्या भिंतीवर येतें तेथें तर मुळींच नयेत. वाळवीविषयीं येथल्या माणसास सांगावयास नको.

आणि वस्तू दाखवावयाच्या कशा? त्यासाठीं संग्रहालय काढण्याचें कारण नाहीं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास महाराष्ट्रांत घरोघर आरास मांडण्याची चाल आहे. घरांतील चांगल्या चांगल्या वस्तू काढून शेजारणींस दाखविण्याचा हा जुना उत्सवच आहे. त्या आराशींत दरसाल दोन-चार वस्तूंजवळ वहींतील ती एक ओळ सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवली, तर कैरीची डाळ खातां खातां दहा घरांच्या आठवणी बाहेर पडतील. एखादी वृद्धा ‘आमच्याकडेही असा करंडा होता’ म्हणून त्याचें खरें नांव व उपयोग सांगेल; तें लगेच वहींत टिपून घ्यावें. घरांतील मुलानें प्रत्येक वस्तूचें छायाचित्र घेऊन त्याच्या प्रती बहिणीच्या, काकांच्या, परगांवीं गेलेल्या भावाच्या घरीं ठेवाव्यात, वहीच्या नकलेसह.

चाळीसगांवचा बंगला आणि धुळ्यांतील दोन्ही संस्था एका मुक्कामांत पाहून होण्यासारख्या आहेत. निघण्यापूर्वीं वेळ विचारून घ्यावी. चाळीसगांवीं उतरून सकाळ बंगल्यांत घालवावी व दुपारनंतर धुळ्यास जावें. हाताशीं आणखी एक दिवस असेल तर चाळीसगांवजवळचें पाटणादेवीचें देऊळ व डोंगरांतलीं पितळखोऱ्याचीं लेणीं हींही सोडूं नयेत. बंगल्यांत मात्र घाई करूं नये. टेबलटॉपच्या चित्रापुढें उभें राहून मेज कोठें संपतें तें शोधूं लागलें, म्हणजे वेळ कसा जातो हें कळत नाहीं.